पहिला नंबर जवळजवळ ठरला होता

आमच्या तालुक्याच्या गावात गणपतीच्या दिवसांत एक मंडळ सुदृढ बालक स्पर्धा घेतं. सकाळी रांगोळी, संध्याकाळी संगीत खुर्ची आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात ही स्पर्धा. परीक्षक म्हणून बालरोगतज्ज्ञ लागतो आणि गावात ती मीच. नाही म्हणता येत नाही, कारण मंडळाचे निम्मे कार्यकर्ते माझ्याच दवाखान्यात लसीचं इंजेक्शन घेताना रडलेले आहेत.

मला ही स्पर्धा फारशी आवडत नाही. सुदृढ म्हणजे गालांना चिमटा काढता येईल असं मूल, अशी आयोजकांची समजूत असते. तरी जाते, कारण जी मुलं आजारी पडल्याशिवाय दवाखान्यात येत नाहीत ती त्या मांडवात नटूनथटून येतात. ताप-खोकला नसताना मूल बघायला मिळणं ही डॉक्टरच्या दृष्टीने चैनच. माझ्या दोनच अटी असतात. काटा आणि उंची मोजायची पट्टी माझी, आणि प्रत्येकाने दवाखान्यातलं किंवा अंगणवाडीतलं माता-बाल संरक्षण कार्ड आणायचं. पहिली अट मंडळाला मान्य असते. दुसरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

त्या वर्षी तीन ते पाच वर्षांच्या गटात मंडळाच्या अध्यक्षांनी दोन मुलं आधीच हेरून ठेवली होती. एक साडेचार वर्षांचा, वजन २४ किलो. मानेच्या वळ्यांत कातडी काळपट आणि जाडसर झालेली. आईला वाटत होतं मळ आहे, घासून जात नाही. तो मळ नव्हता. वाढलेल्या वजनाबरोबर शरीरात इन्शुलिन वाढलं की मान आणि काखा अशा दिसायला लागतात. त्याच्या आईवडिलांना मी नंतर दवाखान्यात बोलावून घेतलं. रात्री झोपेत दोन बाटल्या दूध आणि दिवसभर बिस्किटं, असा हिशेब निघाला. पण ती वेगळी गोष्ट.

दुसरा मुलगा साडेतीन वर्षांचा. जरीची टोपी, सलवार-कुर्ता, गोरापान, टपोरे गाल. आईच्या कडेवरून उतरायला तयार नव्हता. बरोबर आजी होती, मुलाच्या वडिलांची आई. कपडे काढून काट्यावर उभा केला. १५.६ किलो. उंची ९५ सेंटिमीटर.

साडेतीन वर्षांच्या मुलाचं वाढीच्या तक्त्यातलं मधलं वजन १५.३ किलो आहे. म्हणजे पोरगा अगदी पुस्तकातला. अंगणवाडीताईंच्या मोबाइलमध्ये हा आकडा भरला असता तर नावापुढे ‘सामान्य’ उमटलं असतं. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. “मॅडम, हाच ना? वजनही बरोबर, दिसायलाही छान.”

आजीने तेवढ्यात ऐकलं. “आवं, खारीक-खोबरं देतीया मी रोज. म्हून अंग धरलंय पोरानं.”

सुनेला ते पटलेलं दिसलं नाही. ती हळूच म्हणाली, “पंचमीला माहेरी गेले होते तीन आठवडे. तिथून आल्यापासून बाळसं आलंय.”

सासू-सुनेत श्रेयाची ओढाताण सुरू झाली आणि मी मुलाकडे बघत राहिले. काट्यावर उभा असताना त्याचा करदोडा पोटात रुतलेला दिसला होता. त्याच्या वर आणि खाली कातडी फुगून मधे खोल वळ पडला होता. कमरेला जाड झालेल्या मुलाचे दंड आणि मांड्याही भरलेल्या असतात. ह्याचे दंड चेहऱ्याच्या मानाने बारीक होते. मी विचारलं, करदोडा कधी बदलला? “मागल्या आठवड्यातच सैल केला की,” आजी म्हणाली. “त्याच्या आधी पण एकदा केला.”

मी कार्ड मागितलं. सुदैवाने आईने आणलं होतं. पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. मुलांच्या निळ्या आलेखावर अंगणवाडीताईंनी दर महिन्याचे ठिपके नेटके दिले होते. जन्माचं वजन २.८. पुढे मुलगा मधल्या रेषेच्या थोडं खालून, पण तिला समांतर चाललेला. जुलैतलं वजन १२.९.

जुलै ते गणपती म्हणजे जेमतेम दोन महिने. तेवढ्यात २.७ किलो.

अध्यक्षांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग चांगलंच आहे की!” त्यांना मी कोपऱ्यात घेऊन थोडं समजावलं. मूल पाच महिन्यांचं होतं तेव्हा जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं, वर्षाचं होतं तेव्हा तिप्पट. तिथून पुढे गाडी मंदावते. दोन वर्षांनंतर शाळेत जाईपर्यंत मूल वर्षाला साधारण दोन किलो वाढतं. ह्या पोराने सव्वा वर्षाचं वजन दोन महिन्यांत कमावलं होतं. खारीक-खोबऱ्याने हे होत नाही आणि आजोळच्या तुपानेही होत नाही. इतक्या वेगाने मांस वाढत नाही, चरबीही वाढत नाही. वाढतं ते पाणी.

वजन घटलं की आपल्याकडे घरातले, शेजारचे, पाहुणे सगळे कारण विचारतात. वाढलं की कुणी विचारत नाही.

मी मुलाला खुर्चीत बसवलं, बूट-मोजे काढले आणि नडगीच्या हाडावर अंगठा टेकवून सावकाश दाबला. अंगठा उचलला तर तिथे खळगा राहिला, द्राक्षाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या पायावरही तसाच. मोज्यांच्या रबराचे वळ घोट्याभोवती बांगडीसारखे गोल उमटले होते.

दोन्ही पायांवर अशी सूज दिसली की आमच्या डोक्यात पहिली शंका कुपोषणाची येते. तीव्र कुपोषणाचा एक प्रकार असाच फसवा असतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दोन्ही पावलांवर कुपोषणाची सूज असेल, तर वजनाचा आकडा काहीही दाखवो, ते मूल तीव्र कुपोषित धरायचं, असा नियम आहे. पण ह्याचे केस काळेभोर, कातडी नितळ, घरी दूधदुभतं. मग उरतात हृदय, यकृत आणि मूत्रपिंड. छाती तपासली, ठीक होती. यकृत हाताला लागत नव्हतं. मी आईला विचारलं, सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असतात का?

“हो! एका दवाखान्यात दाखवलं होतं. ॲलर्जी आहे म्हणाले, सिरप दिलं. दुपारपर्यंत उतरतंच आपोआप.”

“आणि लघवी?”

ती जरा विचारात पडली. “कमी करतो हल्ली. आणि मोरीत फेस येतो. पाणी टाकलं तरी जात नाही लवकर.”

मला जे कळायचं ते कळलं होतं. मांडवात, माईकसमोर, टोपी घातलेल्या मुलाच्या आजीला हे कसं सांगायचं एवढाच प्रश्न होता. मी सांगितलं की आज संध्याकाळीच दवाखान्यात आणा, एक तपासणी करायची आहे. तोवर मुलाचे वडील आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, बक्षीस दुसऱ्याला द्यायचं असेल तर द्या. आमचं काही म्हणणं नाही. पण चांगल्या पोराला आजारी म्हणू नका.”

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी काही न बोलता त्यांचा अंगठा धरला आणि मुलाच्या दुसऱ्या नडगीवर ठेवून दाबायला लावला. त्यांनी अंगठा उचलला, खळगा बघितला, पुन्हा हात लावला. मग टोपी काढून खिशात घातली आणि म्हणाले, “आत्ताच जाऊया का?”

बक्षीस समारंभ मी तसाच सोडून निघाले. जाताना लहान गटाचा पहिला नंबर एका अडीच वर्षांच्या मुलीला देऊन टाकला, वजन ११.३ किलो. जन्मापासून मधल्या रेषेच्या खालच्याच वाटेने, पण एकदाही न घसरता आलेली. लसी पूर्ण, दात स्वच्छ, मांडवभर पळत होती. अध्यक्षांचा चेहरा पडला. “फोटोत दिसणार तरी का ती?” आणि वर, “ते तक्ते परदेशी पोरांचे असतात ना मॅडम?” हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे हे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केलेत आणि त्यांत आपल्या दक्षिण दिल्लीतली मुलंही आहेत. नीट खायला मिळालेलं, आईच्या दुधावर वाढलेलं पाच वर्षांखालचं मूल कुठल्याही देशात जवळपास सारखंच वाढतं, हेच तर त्यांतून दिसलं.

दवाखान्यात लघवी मिळवायला पाऊण तास गेला. पट्टीवर प्रथिनांचा रंग गडद हिरवा आला. पट्टी पुरेशी असते, पण मी परीक्षानळीही तापवते, कारण घरच्यांना रंगापेक्षा ते पटकन समजतं. नळी तीन-चतुर्थांश भरली आणि वरचाच भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. खालची लघवी स्वच्छ पिवळी राहिली, वरची उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले तरी विरघळली नाही. आजी दारात उभी होती. “हे सगळं अंगातनं जातंय व्हय?” तिने विचारलं. बरोबर विचारलं. रक्तातली प्रथिनं मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळतात, रक्ताला पाणी धरून ठेवता येत नाही आणि ते कातडीखाली आणि पोटात साठतं. ह्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो. बहुतेक मुलं स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद देतात, पण आजार उलटण्याची खोड दांडगी.

दाखल करून रक्त तपासलं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, कमी, कोलेस्टेरॉल भरमसाट, रक्तदाब ठीक. क्षयरोग नाही याची खात्री करून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलं, दर किलोला २ मिलिग्रॅम. इथेही वजनाने खोडा घातलाच: कुठलं वजन धरायचं? काट्यावरचं १५.६ धरलं तर पाण्यालाही औषध दिल्यासारखं होतं. मी जुलैतल्या ठिपक्याचं वजन धरलं. अंगणवाडीताईंना हे नंतर सांगितलं तेव्हा त्या चक्क लाजल्या.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. मीठ कमी केल्यामुळे मुलगा जेवणावर रुसला होता. मग एके दिवशी लघवी धो-धो सुटली आणि वजन उतरायला लागलं. १५.१, १४.२, १३.४. मी खूश, नर्स खूश. आजी मात्र रोज सकाळी काट्याशेजारी उभी राहून रडवेली व्हायची. “बाई, तुमच्याकडं आल्यापासनं पोरगं निम्मं झालं. आता काय नेऊ मी घरी?” १२.८ ला काटा थांबला. गाल गेले, पोट गेलं आणि जुलैतलं मूल परत दिसायला लागलं. मी आजीला कार्ड दाखवून सांगितलं की हेच तुमच्या नातवाचं खरं वजन. तिने मान डोलावली, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. पाहुण्यांनी तर दवाखान्यात येऊन हळहळ व्यक्त केली.

पुढच्या महिन्यात उलटंच झालं. स्टिरॉइडने भूक खवळते आणि चेहरा गोल होतो. मुलगा तपासणीला आला तो पुन्हा टपोऱ्या गालांचा, वजन १४ च्या वर. वाटेत भेटलेल्या चार बायकांनी अभिनंदन केलं होतं. मी काही बोलायच्या आत आजीने त्याचा पायजमा वर सारला, नडगीवर अंगठा दाबला, मनात आकडे मोजले आणि उचलला. “न्हाय, खड्डा न्हाय,” ती मला म्हणाली. “हे औषधाचं हाय.”

सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड, असं औषध संपलं. गालही हळूहळू उतरले. घरी पट्ट्यांची डबी आणि एक वही दिली होती. रोज सकाळची लघवी तपासून लिहायची, आठवड्याला वजन. आईने वही सांभाळली. वजनाचं काम आजीने घेतलं. घरी काटा नव्हता, म्हणून ती नातवाला पिठाच्या गिरणीत नेऊन ज्वारीच्या काट्यावर उभं करायची.

संक्रांतीच्या सुमारास तिचा सकाळी सातला फोन आला. पोराला चार दिवस सर्दी होती. चेहरा चांगला दिसतोय, सून म्हणते काही नाही, पण गिरणीत आठशे ग्रॅम वाढलंय आणि पट्टी तीन दिवस हिरवी आहे. सूज यायच्या आधीच आजार उलटल्याचं कळलं होतं. दाखल करायची गरज पडली नाही. मी डोस सांगितला आणि दुपारी घेऊन या म्हटलं.

“आणि वजन मी कुठलं सांगू कंपाउंडरला?” तिने विचारलं. “आजचं का मागल्या आठवड्याचं?”