आमची वाटचाल : पाच रकान्यांची वही

आमच्याकडे समुपदेशनाला आलेला माणूस साधारण दहा-बारा सेशननंतर यायचा थांबतो, आणि त्यानं थांबावं अशीच आमची आखणी असते. असा धंदा चालत नाही, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. २०१३ पासून चाललाय.

सुरुवात दादरला, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्यांची ओपीडी आटोपल्यावरच्या वेळात. मी आणि ताई, दोघीच. ताई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वयानं आणि अनुभवानं माझ्याहून मोठ्या. नाव छापू नकोस म्हणाल्यात. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच : समोरच्याला नुसतं रडून मोकळं करू नकोस, हातात काहीतरी देऊन पाठव. बेकचं सीबीटी (विचार तपासून भावना आणि वागणं बदलणं), लिनेहानचं डीबीटी (तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं) आणि किशोर फडक्यांमुळे मराठीत आधीच रुजलेलं एलिसचं आरईबीटी (अविवेकी समजुती बदलणं), या तिन्ही उपचारपद्धतींमधून आम्ही घरगुती भांडणं, ऑफिसचा ताण, राग, नात्यातला अबोला यांसाठी लागेल तेवढंच उचललं आणि बोलीभाषेत बसवलं.

ऑनलाइन आम्ही साथीमुळे गेलो नाही. विरार-बदलापूरचा माणूस संध्याकाळी उलटा प्रवास करून दादरला येणार कसा? आणि जवळ राहणाऱ्याला जिन्यात कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, तेव्हाच आम्ही स्काइपवर सुरू केलं. मार्च २०२० मध्ये सगळे व्हिडिओ कॉलवर आले तेव्हा आमचे नियम ठरलेले होते. वन रूम किचनमध्ये खासगीपणा कुठून आणायचा? गच्चीत टाकीमागे, उभ्या गाडीत, दार लावून बाथरूममध्ये, सगळीकडून सेशन झाली आहेत. खोलीत कुणी आलं तर क्लायंटनं ‘कुकर लावायचाय’ म्हणायचं, की आम्ही लगेच भाजीपाल्यावर बोलू लागतो.

नवीन समुपदेशकांना इथेच सांगते. हेडफोन वायरचेच घ्या, ब्लूटूथ नेमकं रडू फुटल्यावर मान टाकतं. दर सेशनच्या सुरुवातीला माणूस आत्ता कुठल्या पत्त्यावर बसलाय ते विचारून लिहून घ्या, जवळच्या एका नातेवाइकाचा नंबरही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार दिसले तर आपली तंत्रं बाजूला ठेवून सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर क्लायंटच्या फोनमध्ये असलाच पाहिजे.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे शंभर पानी वही. पाच रकाने : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना शंभरपैकी किती, विचाराच्या बाजूचे-विरुद्धचे पुरावे, आणि मग दुसरा विचार. फोनवर टाइप केलेलं चालत नाही. हातानं लिहिताना वेग कमी होतो आणि रागाचा आकडा लिहितालिहिता नव्वदचा सत्तर होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सोबत ‘काळजीची वेळ’, म्हणजे काळजी करायची ती दिवसातल्या ठरलेल्या वेळीच, हे पाळायला पंधरा मिनिटांचा टायमर. आणि राग अनावर झाला तर चेहरा बुडवायला गार पाण्याचं पातेलं. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. नवरा-बायकोच्या सेशनमध्ये ‘तू नेहमी’ आणि ‘तू कधीच’ हे शब्द बंद. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं आधी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच उत्तर द्यायचं.

मधली वर्षं बरी गेली.

२०२१ मध्ये एका मोठ्या ॲप कंपनीनं भागीदारीचं बोलणं काढलं. गोड बोलून आमच्या सगळ्या वर्कशीट मागून घेतल्या, ‘अभ्यासासाठी’. मग बोलणं थंडावलं आणि आमचे तिघे समुपदेशक, जे ताईंच्या हाताखाली तयार झाले, एकेक करून तिकडे गेले. काही महिन्यांनी त्या ॲपवर मराठी विभाग उघडला. तिथल्या नमुना तक्त्यात लिहिलं होतं : ‘नणंदेनं माझ्या पुरणपोळीला नावं ठेवली; भावना – अपमान, ऐंशी.’ हे उदाहरण ताईंचं. त्यातला ‘ऐंशी’सुद्धा ताईंचा.

वकिलांकडे गेलो. रकान्यांची पद्धत कुणाच्या मालकीची नसते, शब्दरचना आणि उदाहरणं मात्र तुमची, असं ते म्हणाले. पण लढण्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. ॲपवाल्यांची वर्गणी महिन्याची, आपोआप कापली जाणारी, आमच्या एका सेशनपेक्षा स्वस्त. माणूस शिकून बाहेर पडला तर त्यांचं नुकसान, म्हणून तिथे शिकवणं कमी आणि रोज ‘आज कसं वाटतंय?’ विचारणं जास्त. आमची संध्याकाळची बुकिंग निम्म्यावर आली. दादरची जागा सोडली, डिपॉझिट पगारात गेलं, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. ताईंनी वर्षभर एक पैसा घेतला नाही. त्या तिघांपैकी एकानंही तेव्हा फोन केला नाही, आणि ते मला आजही लागतं.

त्या वर्षी आम्हाला तारलं ते परळच्या एका काकांनी. एका पतपेढीचे सेक्रेटरी. मुलाशी बोलणं तुटलं म्हणून पूर्वी आमच्याकडे आले होते. हे त्यांच्या परवानगीनं लिहितेय. पहिल्या दिवशी म्हणाले, “बाई, मला बोलता येत नाही, ओरडता येतं.” वही त्यांनी जमाखर्चासारखी ठेवली, तारीखवार, लाल शाईत बेरजेसकट. मुलाला ‘मला वाईट वाटलं’ एवढं वाक्य म्हणायला त्यांना सात सेशन लागली. आमची अवस्था कानावर गेल्यावर त्यांनी कमिटीपुढे ठराव ठेवला आणि पतपेढीच्या कर्मचाऱ्यांसाठी दर बुधवारी ताण-व्यवस्थापनाचं सत्र लावलं. वर्षाचे पैसे आगाऊ, चेकनं. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, “उपकार नाहीत बाई, वसुलीवाल्या पोरांना रोज शिव्या खाव्या लागतात, त्यांना गरज आहे.” त्या बुधवारांवर आमचे पगार झाले.

ॲपवाल्यांनी मराठी विभाग पुढे बंद केला. गेलेल्या तिघांपैकी एकजण परत आली. ताईंनी तिला एक शब्द न विचारता दुसऱ्या दिवसाची सेशन दिली. मला तसं जमलं नसतं. आता प्रत्येक वर्कशीटवर खाली आमचं नाव आणि साल असतं, आणि लेखी कराराशिवाय एकही पान बाहेर जात नाही. तुम्हीही हे आजच करा.

सध्या आम्ही पाचजण, सगळे आपापल्या घरून. बुधवारचं सत्र चालू आहे. रविवारी सकाळी लग्न ठरलेल्या जोडप्यांची बॅच असते, चार आठवड्यांची. फी दोघांत मिळून एक, वही ज्याची त्यानं आणायची.