पाच इंची टँक इंजिन: बॉयलरची टेस्ट झाली, पाण्याचा अलार्म तिसऱ्या प्रयत्नात जमला

मंडळी, पाच इंच रुंदीच्या रुळांवर धावणारं वाफेचं छोटं मॉडेल इंजिन मी बनवतोय. गेल्या खेपेला त्याच्या बॉयलरचं ब्रेझिंग (धातू वितळवून सांधे जोडणं) संपलं तिथे थांबलो होतो. त्यानंतर अडीच महिने चाक एकदाही फिरलं नाही. सगळा वेळ बॉयलर, व्हॉल्व्ह आणि वायरिंगमध्ये गेला. परवा रविवारी पहिल्यांदा ८० पौंडांवर (दर चौरस इंचाला) वाफ धरली आणि अर्धा तास इंजिनाशेजारी नुसता बसून राहिलो. इतका आनंद झाला होता!

आधी थंड टेस्ट. आपल्याकडे २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि माझ्या बॉयलरात जेमतेम तीन लिटर पाणी मावतं. इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणजे तपासणी आपणच आणि जास्त कडक करायची. ब्रिटनमधल्या मॉडेल इंजिनिअरिंग क्लबांची रीत धरली: नवा बॉयलर कामाच्या दुप्पट दाबाला, म्हणजे १६० पौंडांना, आणि तोही पाण्याने. हवेने कधीच नाही. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थोडं पाणी उडतं आणि दाब लगेच उतरतो. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी सगळी ताकद आत साठवून बसते. पहिल्या वेळी ११० पौंडांना फायरबॉक्सच्या (विस्तवाच्या पेटीच्या) एका स्टेचं, म्हणजे पत्रे धरून ठेवणाऱ्या सळीचं, टोक पाझरलं. ते पुन्हा ब्रेझ केलं, आणि दुसऱ्या वेळी काटा अर्धा तास जागचा हलला नाही.

त्याच लाइनवर दोन गेज लावले होते, एक कॅलिब्रेट केलेलं आणि एक इंजिनात बसणारं. इंजिनाचं गेज ८० दाखवत होतं तेव्हा खरा दाब होता ८६. चूक उलट्या बाजूची असती, म्हणजे गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असतं, तर मी चालवून घेतलं असतं. हे गेज काढून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक भागाला हाच प्रश्न विचारतोय: हा बिघडला तर कुठल्या बाजूला बिघडेल?

सेफ्टी व्हॉल्व्ह दोन आहेत. वाफेची टेस्ट अशी: विस्तव भरपूर, ब्लोअर (विस्तव फुलवणारा वाफेचा झोत) पूर्ण उघडा, रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, आणि तरीही दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. म्हणजे माझी मर्यादा ८८. दोन्ही व्हॉल्व्ह वेळेवर उघडले, पण काटा ९३ पर्यंत चढला आणि मी ब्लोअर बंद केला. स्प्रिंग बरोबर होती. वाफेला बाहेर पडायची वाट अपुरी होती. गोळीभोवतीची जागा आणि टोपीची भोकं दोन्ही मोठी केली. आता ८५ ला थांबतो.

आता अलार्म. मोठ्या इंजिनात क्राउन शीटमध्ये, म्हणजे फायरबॉक्सच्या छतात, शिशाचा गाभा असलेला प्लग असतो. पाणी खाली गेलं की शिसं ३२७ अंशांना वितळतं, वाफ विस्तवावर येते आणि फायरमन सावध होतो. माझी क्राउन शीट तळहाताएवढी, पाणी काही मिनिटांत उतरतं. मला त्याआधी इशारा हवा होता. म्हणून इलेक्ट्रोड: स्टेनलेसची बारीक सळी, टेफ्लॉनची नळी, गनमेटलची ग्लँड (गळती रोखणारी, आवळायची टोपी). पाणी टोकाला लागलं की सर्किट बॉयलरच्या तांब्यातून पूर्ण होतं आणि हिरवा दिवा लागतो. पाणी उतरलं की बझर.

पहिल्या प्रयत्नात सळी बॅकहेडमधून (बॉयलरच्या मागच्या भिंतीतून) आडवी घातली आणि साधा डीसी दिला. चार दिवसांत टोकावर थर बसला. शिवाय टेफ्लॉनची नळी बॉयलरच्या आत जेमतेम तीन मिलिमीटर लांब होती. तिच्यावरच्या ओलाव्यातूनच करंट जायचा, आणि पाणी उतरलं तरी हिरवा दिवा तसाच! हा बिघाड मला सगळ्यात घातक वाटतो. तुटलेली वायर निदान ‘पाणी नाही’ म्हणून ओरडते, ओला इन्सुलेटर मात्र गप्प राहतो.

दुसऱ्या प्रयत्नात सळी फायरबॉक्सवरच्या रिकाम्या बुशातून उभी सोडली, नळी ६० मिलिमीटर केली आणि फक्त टोक उघडं ठेवलं, क्राउन शीटच्या १० मिलिमीटर वर. ५५५ टायमर चिपचा सिग्नल कपॅसिटरमधून दिला, म्हणजे पाण्यातून डीसी जातच नाही. थर बसायचा थांबला. पण बॉयलर भरलेला असताना बझर वाजायला लागला! खार धरू नये म्हणून घरच्या आरओचं पाणी भरलं होतं, आणि ते थंड असताना फारच कमी करंट नेतं. तापेल तसं वाहकत्व वाढतं आणि बझर आपोआप बंद होतो. थोडं नळाचं पाणी मिसळलं, कंपॅरेटर (करंट पुरेसा आहे का ते ठरवणारं सर्किट) पुन्हा जुळवला, आणि उकळीने पातळी डचमळते म्हणून तीन सेकंदांचा उशीर दिला. हा तिसरा प्रयत्न टिकलाय. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत चालतं, ८० पौंडांची वाफ १६२ अंशांची, तेव्हा उष्णतेची काळजी नाही. मात्र दाबाखाली ते हळूहळू सरकतं, म्हणून दोनदा तापवून थंड झाल्यावर ग्लँड पुन्हा आवळावी लागली.

वायरिंगमध्ये एक चूक झाली. कॅबमध्ये एक तुकडा साध्या पीव्हीसी वायरचा राहिला होता. तो स्टीम पाइपला टेकला, वितळला आणि चासीला शॉर्ट झाला. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकालाच फ्यूज होता म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. आता सगळी वायर सिलिकॉनची आहे. बॅटरी मागच्या बसायच्या गाडीत, उष्णतेपासून लांब. जोडणी सुटली तर हिरवा दिवा विझतो, आणि दिवा नाही म्हणजे गाडी थांबवायची, हा नियम मुलालाही शिकवलाय.

हे सगळं असूनही नजर गेज ग्लासवरच, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरच ठेवतो. दर वेळी वाफ धरली की खालचा कॉक उघडून ग्लासमधलं पाणी उडवून देतो. पाणी झटकन परत चढलं तरच ती पातळी खरी मानायची. सावकाश चढलं तर वाट तुंबलेली आहे. चढाचंही भान हवं. ४०० मिलिमीटरच्या बॉयलरला पन्नासास एकच्या चढावर दोन टोकांत आठ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि माझ्याकडे क्राउन शीटवर एकूण दहाच आहेत.

आता इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा). तो बसेपर्यंत साइड टँकमधला हातपंप आणि चाकं फिरली तरच चालणारा ॲक्सलवरचा पंप एवढ्यावरच भागवतोय, म्हणजे थांबलेल्या इंजिनात पाणी भरायला एकच साधन. तोवर रुळावर नाही, स्टँडवरच.