केकवरचे चोवीस

नाशिकमधल्या एका परमिट रूमच्या गल्ल्यावर मी नऊ वर्षे बसलो. आमचे काम म्हणजे पेग मोजणे, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात निम्मा जीव वहीत जातो. प्रत्येक ब्रँडची सकाळची शिल्लक, आलेला माल, विक्री आणि रात्रीची शिल्लक, तीही ७५० आणि १८० मिलिलिटरच्या बाटल्या वेगळ्या धरून लिहायची, आणि फोडलेल्या बाटलीत उरलेली मापाने मोजून मांडायची. माझ्या वहीत ३० मिलिलिटरचाही घोळ कधी निघाला नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

दारू वाढणाऱ्या नोकराचा नोकरनामा, म्हणजे त्या कामाचे सरकारी परवानापत्र, लागतो. तपासणीला आलेले उत्पादन शुल्कचे साहेब त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहतात, शिक्का पाहतात आणि पुढे वहीकडे वळतात. कोणाला नाही म्हणायचे आणि ते कसे म्हणायचे, हे नोकरनामा मिळालेल्या माणसाला कोणीही शिकवत नाही. माझा भाचा सिडनीत शिकता शिकता पबमध्ये काम करतो. तेथे दारू वाढण्यापूर्वी त्याला ‘आरएसए’चा, म्हणजे जबाबदारीने मद्य वाढण्याचा, अभ्यासक्रम पुरा करावा लागला आणि झिंगलेल्या गिऱ्हाइकाला नकार कसा द्यावा, हाही त्यातला धडा होता. हे मी सांगितले तेव्हा आमचा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या, पोट धरून हसला होता.

त्या शनिवारी सुरगाण्याकडचा एक नवा पोरगा कामावर होता. त्याचा नोकरनामा यायचा होता, म्हणून त्याच्याकडे फक्त पाणी, बर्फ आणि चखणा दिला होता. उरलेला वेळ तो काउंटरजवळ उभा असे, आणि काउंटरमागे वयाची पाटी होती: बिअर व वाइन २१ वर्षांनंतर, बाकीचे मद्य २५ वर्षांनंतर. आम्हा कोणालाही ती पाटी कित्येक वर्षांत दिसलेली नव्हती.

साडेनऊच्या सुमारास तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, सात नंबरच्या केकवर चोवीस लावलंय.”

मी पाहिले. दोन आणि चार, आकड्यांच्या दोन निळ्या मेणबत्त्या, आणि त्यांच्यामागे वाढदिवसाचा मुलगा व्हिस्कीचा दुसरा लार्ज, म्हणजे ६० मिलिलिटरचा पेग, हातात धरून बसलेला. वाढणारा कॅप्टन अकरा वर्षांचा जुना, नोकरनामा चोख. मी उठून टेबलापाशी गेलो आणि यापुढे तुम्हाला बिअरच मिळेल, असे शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. मतदान चालते, लग्न चालते, मग हेच का नाही, असे त्याच्या मित्राने विचारले; त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. हातातला ग्लास मात्र मी परत मागितला नाही. शनिवार होता, बिल मोठे होते आणि मालक आतच बसले होते. निघताना मोटारसायकलची किल्ली कोणाकडे होती हे मी पाहिले नाही. खरे म्हणजे पाहायचे टाळले.

ज्या गिऱ्हाइकाकडे वर्षाचा किंवा कायमचा परवाना नसतो, त्याच्या नावे ५ रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडायचा असतो. तो पिण्यापूर्वी फाडावा हा नियम, आणि रात्री बसून पुस्तक एकदम भरावे ही आमची रीत. त्या रात्री सात नंबरच्या टेबलावर चौघे बसले होते, मी परवाने तीनच लिहिले. चौथ्याने प्यायलेले १२० मिलिलिटर मात्र वहीत दाखवावेच लागले, नाहीतर शिल्लक जुळली नसती.

पोराचा नोकरनामा पुढच्या महिन्यात आला. टेबलावर केक असला तर मेणबत्त्यांकडे बघायचे नाही, असे कॅप्टनने त्याला पहिल्याच संध्याकाळी बजावले. मी गल्ल्यावरच होतो. मी ते ऐकले आणि वहीत मान घातली.