लोखंडीत लोखंड किती

आमच्या अप्पांच्या लेखी केळी दोनच प्रकारची: इलायची आणि बाकीची. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, मी ढब्बू, पिवळीधमक जी-नाईन जातीची आणली की ते पिशवीत डोकावून म्हणणार, "ही कसली, नुसती पिठूळ." लारीवालाही त्यांच्याच पक्षाचा. "बेन, इलायची लई जाव, एमां ताकात वधारे." भावही वधारे, ते मात्र पिशवी भरून झाल्यावर कळतं.

परवा ताकद कुठल्या केळ्यात जास्त यावरून वाद फारच रंगला, म्हणून केकसाठी घेतलेला काटा ओट्यावर मांडला. जी-नाईनचं एक केळं सोलून भरलं ११८ ग्रॅम. इलायचीचं ४१. ताकद म्हणजे क्षार धरले, तर शंभर ग्रॅम पिकल्या केळ्यात पोटॅशियम साधारण ३५८ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम २७. हे आकडे कॅव्हेंडिश घराण्याचे, म्हणजे जी-नाईनचे. इलायचीचे थोडे इकडेतिकडे होतील, तिप्पट काही होणार नाहीत. मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजार मिलिग्रॅम पोटॅशियम लागतं. शंभर ग्रॅम बटाट्यात ते केळ्याहून जास्तच असतं, पण बटाटा खाऊन ताकद आली असं कुणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

"आणि लोह?" अप्पा म्हणाले. "आमच्या लहानपणी खंडेराव मार्केटात लोखंडी केळी यायची. नावातच लोखंड!"

हरीसाल जातीच्या केळ्याला गुजरातेत लोखंडी म्हणतात, एवढं खरं. पण केळ्यात लोह शंभर ग्रॅमला जेमतेम पाव मिलिग्रॅम, आणि पुरुषाला रोज लागतं १९ मिलिग्रॅम. म्हणजे अप्पांनी नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर दिवसाला सात किलोंच्या वर गर खायचा. सालं वेगळीच.

"मग चिरलेलं केळं काळं का पडतं? लोखंड गंजतं म्हणूनच ना?"

हा त्यांचा हुकमी पत्ता. काळं पडतं ते गरातल्या एका एन्झाइममुळे. सुरी लागली, पेशी फुटल्या, हवा लागली की ते कामाला लागतं. लिंबू पिळलं तर जरा दमानं घेतं. गंमत म्हणजे या एन्झाइमच्या पोटात धातू असतोच, पण तो लोखंड नव्हे, तांबं. अप्पांना तांबं चाललं. रात्रभर तांब्याच्या गडूत ठेवलेलं पाणी पिणारे ते, त्यांना अपमान वाटला नाही.

पिकण्याचं म्हणाल तर हिरव्या केळ्यातला स्टार्च पिकताना साखर होतो, म्हणून ठिपके पडलेलं केळं जास्त गोड. पोटॅशियम त्यानं वाढत नाही. ते मुळांवाटे आधीच आलेलं असतं. केळीची भूकच त्याची. राजपीपळ्याकडचे शेतकरी बागेला पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, देतात ते उगाच नाही. जातीजातीत खरा फरक बघायचा तर रंगात बघावा: तांबडी केळी, केरळची पिवळ्या गराची नेंद्रन, यांत कॅरोटीन हे पिवळं-केशरी रंगद्रव्य आपल्या पांढुरक्या केळ्यांपेक्षा जास्त. आणि वसईची सुकेळी? राजेळी जातीची केळी वाळवली की पाणी उडतं, मग क्षारही दाट आणि साखरही दाट. आमच्या मावशी आणतात तेव्हा डबा मी फडताळात वर, मागे ठेवते.

शिकरणाला मात्र मी जी-नाईनच घेणार. चौघांच्या शिकरणासाठी डझनभर इलायची सोलत कोण बसणार?

अप्पांनी तेवढ्यात काट्यावरचे दोन्ही आकडे जुळवून पाहिले. "म्हणजे तुझ्या एकाला माझी तीन," म्हणत तीन खाल्ली. मग चौथं हातात घेतलं आणि सोलता सोलता म्हणाले, "काटा बंद कर आता, बॅटरी उगाच जाते."