तुम्ही विचारलंत म्हणून: जॅनेट रँकिनचं ते एक मत

जॅनेट रँकिनचं नाव मी घेतलं की कुणीतरी विचारतंच, "जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केल्यानंतरही जिने युद्धाला नकार दिला, तिचं तुम्हाला एवढं कौतुक कशाचं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

१९१६ मध्ये मोंटानातून निवडून आलेली ही अमेरिकन काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, पहिली स्त्री सदस्य. शपथ घेऊन चार दिवस झाले नाहीत तोच, ६ एप्रिल १९१७ च्या पहाटे, जर्मनीविरुद्ध युद्धाचा ठराव मताला आला. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा उभी राहून म्हणाली, "मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचं आहे, पण युद्धाच्या बाजूने मत देता येणार नाही." विरोधात तिच्यासह ५० मतं पडली, पण टीका झाली ती मुख्यतः तिच्यावर. पुढच्या वर्षी सिनेटची निवडणूक ती हरली.

त्याआधी, जानेवारी १९१८ मध्ये, स्त्रियांच्या मताधिकारावर तिने सभागृहाला विचारलं होतं: जगात लोकशाही सुरक्षित राहावी म्हणून ज्या काँग्रेसने युद्ध पुकारलं, तीच आपल्या बायकांना एवढीशी लोकशाही नाकारणार असेल, तर लोकशाहीचा अर्थ आम्ही त्यांना कसा समजावायचा? हा प्रश्न वाचताना मला आजही भरून येतं.

१९४० मध्ये ती पुन्हा निवडून आली. पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, जपानविरुद्धच्या युद्धावर मतदान झालं, ३८८ विरुद्ध १. ते एक मत तिचं. निदान तटस्थ तरी राहा, म्हणून सहकारी विनवत होते. मत देऊन बाहेर पडली तर संतापलेली माणसं मागे लागली. ती टेलिफोन बूथमध्ये शिरली, दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन लावला. त्यांनीच तिला तिच्या कार्यालयापर्यंत पोहोचवलं.

तिचं ते मत मला पटत नाही. हल्ला झाल्यावर देशाने लढू नये, असं माझ्याच्याने म्हणवत नाही. पण १९१७ च्या मताची किंमत मोजलेल्या बाईला पुढे काय वाढून ठेवलंय हे सभागृहात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी तिचा आवाज बदलला नाही. कौतुक आहे ते याचं. १९४२ मध्ये ती निवडणुकीला उभीच राहिली नाही.

पुढे गांधीजींचा मार्ग समजून घ्यायला ती अनेकदा भारतात आली. आणि १५ जानेवारी १९६८ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांच्या पुढे चालत ती वॉशिंग्टनमध्ये त्याच संसदेकडे निघाली होती.