प्रायमोरियलच्या पुढची मूळ संख्या शोधताना

पहिल्या काही मूळ संख्या गुणत गेलं की २, ६, ३०, २१०, २३१०, ३००३० असे आकडे येतात, हे प्रायमोरियल. त्यात १ मिळवला की मूळ संख्याच येते असं बऱ्याच जणांना वाटतं पण ३००३१ ला ते गंडतं (५९ × ५०९), म्हणून मी १ चा नाद सोडला आणि पायथनमध्ये सिम्पाय (गणिताची लायब्ररी) टाकून बघायला लागले की १ सोडून कमीत कमी किती मिळवलं की मूळ संख्या लागते. आउटपुट आलं ३, ५, ७, १३, २३, १७, १९, २३, ३७, ६१... सगळ्या स्वतःच मूळ!! हे आधी कुणीतरी पाहिलेलं असणारच म्हणून शोधलं, तर रिओ फॉर्च्युन निघाला, न्यूझीलंडचा, आणि तो गणितवाला नाहीच, मानववंशशास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं असं की हे आकडे कायम मूळच येणार. सिद्ध अजून झालेलं नाही.

मग लॅपटॉप बाजूला ठेवून वही घेतली. २३१० म्हणजे २×३×५×७×११, त्यामुळे जी संख्या मिळवायची तिला या पाचातल्या एकानेही भाग गेला तर बेरजेलाही जातो, विषय संपला. उरतात १३, १७, १९, २३ वगैरे. २३२३ = २३×१०१ बाद, २३२७ = १३×१७९ बाद, २३२९ = १७×१३७ बाद, २३३३ मूळ! आता या चाळणीतून पहिली संयुक्त संख्या कुठे सुटते, तर थेट १३×१३ = १६९ ला. त्याच्या आत १ सोडून जे उरतं ते मूळच असणार ना, म्हणजे जादू वगैरे काही नाही, फॉर्च्युनचं म्हणणं इथे खोटं पाडायचं तर २३१० मध्ये (१ सोडून) १६९ च्या आतलं काहीही मिळवून एकही मूळ संख्या लागता कामा नये.

४७ पर्यंतचा गुणाकार १८ अंकी होतो. तिथे उत्तर १०७ आलं, आणि पहिली धोक्याची संख्या आहे ५३×५३ = २८०९! त्या आकाराला शेजारशेजारच्या मूळ संख्यांत सरासरी अंतर ४१ च्या आसपास असतं, आणि २ च्या ६४ व्या घातापर्यंत सगळं तपासून झालंय, त्यात सगळ्यात मोठं अंतर १५५० आहे. म्हणजे तिथे तर चान्सच नाही, आणि पुढे वर्ग वाढतो तसं सरासरी अंतर वाढत नाही, त्यामुळे मला तरी फॉर्च्युन बरोबरच वाटतो. अडचण एवढीच की सरासरीवरून सिद्धता होत नाही, एखादं राक्षसी अंतर नेमकं प्रायमोरियललाच चिकटून येणार नाही हे कुणालाच दाखवता आलेलं नाही.

वजाबाकीकडेही हाच खेळ चालतो, २१०−११ = १९९, २३१०−१३ = २२९७, कोडमध्ये फक्त नेक्स्टप्राइमच्या (पुढची मूळ संख्या देणारं फंक्शन) जागी प्रेव्हप्राइम (मागची देणारं) घालायचं आणि १ तेवढा वगळायचा.