‘सर, केबल बदलून बघा’

कंपोनंट केबलला कोणी कालबाह्य म्हटलं की मला अजूनही चीड येते. लाल, हिरवा, निळा असे तीन प्लग, जोडणी अ‍ॅनालॉग, पण १०८०आय, म्हणजे एचडी चित्र ती आरामात नेते. पिवळ्या प्लगच्या कॉम्पोझिटशी तिची गल्लत करू नका. त्यात उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात आणि एचडी त्यातून जातच नाही.

माझ्या प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतून कंपोनंटच टाकलेली होती आणि वर्षानुवर्षं झकास चालली. मग ब्लू-रे प्लेअर गेला. दुसरा घेतला तो वापरलेला, २०१२ सालचा, मागे कंपोनंटचे सॉकेट आहेत हे बघूनच. जोडला, मेन्यू एकदम लख्ख. सिनेमाची डिस्क टाकली आणि चित्र असं पिठूळ झालं की चेहऱ्यांवरचे बारकावेच गायब.

इथून हेल्पलाइन सुरू. ‘सर, केबल बदलून बघा.’ बदलली. ‘फॅक्टरी रीसेट करा.’ केलं. ‘मग प्रोजेक्टरवाल्यांना विचारा.’ ते म्हणाले, प्लेअरवाल्यांना विचारा. पुन्हा तिकडे फोन, पुन्हा तेच संगीत, पुन्हा नवा माणूस आणि पुन्हा केबल! अहो, अ‍ॅनालॉग केबल खराब असेल तर सावल्या पडतील, रंग पसरेल, आणि तेही सगळ्याच चित्रात. मेन्यू स्वच्छ आणि सिनेमा तेवढा धूसर, हे केबलला कसं जमेल? हा प्रश्न विचारला की पलीकडे शांतता.

शेवटी घरी शूट केलेल्या एचडी व्हिडिओची डिस्क लावली. ती खणखणीत दिसली! विकतची डिस्क धूसर, घरची स्पष्ट. म्हणजे अडवणूक प्लेअरच करत होता. ब्लू-रेच्या एएसीएस या कॉपी-संरक्षणाच्या नियमानुसार २०१० नंतरच्या नव्या मॉडेलांनी संरक्षित डिस्कचं चित्र अ‍ॅनालॉगमधून ४८०आय किंवा ५७६आय, म्हणजे जुन्या टीव्हीच्या दर्जाच्या, वर सोडायचं नाही. २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरना तर तेवढीही मुभा नाही, म्हणून त्यांच्या मागे हे सॉकेटच नसतात. कारण सरळ आहे: एचडीएमआय या डिजिटल जोडणीवर एचडीसीपीचं, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या सांकेतिक संरक्षणाचं, कुलूप लागतं, अ‍ॅनालॉगवर ते लावता येत नाही. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर हे बारीक अक्षरांत छापलंय. हेल्पलाइनवर एकालाही ते ठाऊक नसावं? तुमच्याकडे २०१० किंवा त्याआधीचा चालू प्लेअर असेल तर भंगारात देऊ नका.

मग एचडीएमआय ओढून घेतली. आवाजही त्याच तारेतून येतो, एक ऑप्टिकल केबल वाचली. प्लेअर आणि प्रोजेक्टरच्या मधल्या रिसीव्हरमुळे (स्पीकरना आवाज देणारं यंत्र) अधूनमधून पडदा काळा व्हायचा, कारण एचडीसीपीची ओळखपरेड साखळीतल्या प्रत्येक यंत्राशी होते. आधी प्रोजेक्टर, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर या क्रमाने चालू केलं की माझ्याकडे तरी ते थांबलं. ४के घेणार असाल तर रिसीव्हरसुद्धा एचडीसीपी २.२ चा लागतो, नुसता प्रोजेक्टर तसा असून भागत नाही.

आणि हो, डिजिटल म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही. काळे भाग राखाडी दिसले किंवा अंधारातलं सगळं गिळलं गेलं, तर रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, तपासा: एक यंत्र १६ ते २३५ धरतंय आणि दुसरं ० ते २५५, असं असतं. दोन्हीकडे एकच ठेवा.

लांब अंतरासाठी फायबरची एचडीएमआय घेतलीत, तर तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. भिंतीतल्या पाइपात ओढण्याआधी ते वाचा, आणि ओढण्याआधीच जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा.